भर समुद्रात टॅबलेटला नेट: निम्मी तयारी किनाऱ्यावरच

क्रूझ जहाज किनाऱ्यापासून बारा सागरी मैल, म्हणजे साधारण २२ किलोमीटर, दूर गेलं की जमिनीवरच्या टॉवरचा भरवसा संपतो. पुढे टॅबलेटला बाहेरच्या जगाशी जोडणाऱ्या दोनच वाटा उरतात: जहाजाचं वाय-फाय आणि जहाजाचं स्वतःचं मोबाइल नेटवर्क. दोन्ही वाटा शेवटी वरच्या डेकवरच्या अँटेनांमधून उपग्रहाकडेच जातात. फरक पैशांत आहे. वाय-फायचं पॅकेज आधी किंमत बघून घेता येतं, मोबाइल नेटवर्कचा आकडा मात्र बहुधा घरी पोचल्यावर बिलातच दिसतो.

टॅबलेटवर काम करत समुद्रप्रवास करताना आम्हाला एक गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवली आहे. उपग्रहामुळे नेट अडतं ते कमी वेळा. जास्त वेळा ते अडतं न येणाऱ्या ओटीपीमुळे, लॉगिनचं पान न उघडल्यामुळे, किंवा टॅबलेट मागच्या मागे फोटो चढवत बसल्यामुळे. या सगळ्याचा बंदोबस्त घरच्या चांगल्या नेटवर बसून करता येतो. जहाजावर तो करायला गेलं की ज्या नेटची अडचण सोडवायची, तेच नेट त्यासाठी लागतं.

सुरुवात सिमपासून. टॅबलेटला फक्त वाय-फाय असेल तर ही काळजी नाही. सिम किंवा ई-सिम चालणारा टॅबलेट मात्र खुल्या समुद्रात स्वतःहून जहाजाचं मोबाइल नेटवर्क पकडतो. पडद्यावर ‘सेल्युलर अ‍ॅट सी’, ‘टेलिनॉर मॅरिटाइम’ अशी नावं किंवा नुसते ९०१ने सुरू होणारे आकडे दिसतात. ९०१ हा कोणत्याच एका देशाच्या नसलेल्या नेटवर्कांना दिलेला क्रमांक आहे. नेहमीच्या आंतरराष्ट्रीय रोमिंग पॅकमध्ये ही नेटवर्कं बहुधा धरलेली नसतात. युरोपीय संघात घरच्याच दरानं रोमिंग मिळतं, पण ती सवलतही जहाजाच्या उपग्रहावरून चालणाऱ्या नेटवर्कला लागू नाही. यात टॅबलेटचा धोका फोनपेक्षा मोठा, कारण तो बॅगेत पडून असतानाही मेल, अ‍ॅपचे अपडेट आणि फोटोंचा बॅकअप चालूच ठेवतो आणि कोणाचं लक्ष नसतं. जहाज सुटण्याआधी एअरप्लेन मोड लावायचा आणि मग वाय-फाय वेगळं चालू करायचं. नुसतं डेटा रोमिंग बंद केलं तरी डेटाचा खर्च थांबतो, पण ते सेटिंग आत दडलेलं असतं. एअरप्लेन मोडचं विमान पडद्यावर सतत दिसत राहतं, म्हणून आम्हाला तोच बरा वाटतो. ई-सिम असेल तर ती लाइन फक्त बंद करायची, काढून टाकायची नाही. काढलेलं ई-सिम परत घालायला अनेक कंपन्यांकडून नवा क्यूआर कोड घ्यावा लागतो.

आता वाय-फाय. जहाजावरचा वेग कशावर ठरतो हे कळलं की कोणतं पॅकेज घ्यायचं याचाही अंदाज येतो. जुन्या पद्धतीत जहाज भूस्थिर, म्हणजे पृथ्वीबरोबर फिरत आकाशात एकाच जागी दिसणाऱ्या, उपग्रहाशी बोलतं. तो विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर असतो. आपली मागणी वर जाते, तिथून खाली भूस्थानकावर येते, उत्तर पुन्हा वर जातं आणि पुन्हा खाली जहाजावर येतं. हे अंतर १,४३,००० किलोमीटरच्या वर जातं. प्रकाशाच्या वेगानंही त्याला अर्धा सेकंद लागतो आणि प्रत्यक्षात साधारण सहाशे मिलिसेकंद किंवा त्याहून जास्त. एसईएस कंपनीचे ओ-थ्री-बी उपग्रह सुमारे ८,००० किलोमीटरवर आहेत, तिथे उशीर दीडशे मिलिसेकंदांच्या आसपास येतो. स्टारलिंकचे उपग्रह सुमारे ५५० किलोमीटरवर फिरतात, त्यामुळे तिथला उशीर जमिनीवरच्या ब्रॉडबँडच्या जवळ जातो. रॉयल कॅरिबियननं ऑगस्ट २०२२मध्ये आपल्या जहाजांवर स्टारलिंक घेण्याची घोषणा केली, त्यानंतर इतर मोठ्या कंपन्याही त्या वाटेनं गेल्या. अनेक जहाजं दोन प्रकारचे उपग्रह एकत्र वापरतात.

उशिराचा त्रास मोठ्या फायलीपेक्षा छोट्या छोट्या देवाणघेवाणीत जास्त होतो. बातम्यांचं एक पान उघडायला ब्राउझर डझनांनी वेगवेगळ्या मागण्या पाठवतो आणि त्यातल्या काही एकीचं उत्तर आल्याशिवाय दुसरी करता येत नाही. प्रत्येकीमागे अर्धा-पाऊण सेकंद गेला की वेग भरपूर असूनही पान रांगत उघडतं. म्हणून वेगाची चाचणी घेतली तर एमबीपीएसच्या आधी पिंगचा, म्हणजे मागणी जाऊन उत्तर यायला लागणाऱ्या मिलिसेकंदांचा, आकडा बघावा. पाचशेच्या वर पिंग असेल तर जोडणी भूस्थिर उपग्रहावरून चालली आहे असं समजायचं आणि व्हिडिओ कॉलचा बेत सोडून द्यायचा. मात्र मोजून डेटा देणाऱ्या पॅकेजवर चाचणी घेऊच नये. एका चाचणीत शंभर एमबी सहज खर्च होऊ शकतात.

मार्गाचाही विचार करावा. भूस्थिर उपग्रह विषुववृत्तावर असल्यामुळे जहाज ध्रुवाकडे जाईल तसा तो क्षितिजाकडे झुकतो. ७० अक्षांशावर तो जास्तीत जास्त अकरा अंश वर दिसतो. नॉर्वेच्या फ्योर्डमध्ये किंवा अलास्काच्या अरुंद खाड्यांत बाजूचा डोंगर एवढा उंच असतो की उपग्रह त्याच्यामागेच जातो आणि तासनतास नेट गायब होतं. जहाजाचं धुराडं आणि डोलकाठी मध्ये आली तरी क्षणभर तुटतं. जोराच्या पावसात केए बँडचे (उपग्रहांसाठीच्या एका उच्च वारंवारतेच्या पट्ट्यातले) संकेत क्षीण होतात. काही देशांच्या हद्दीत नियमांमुळे जहाजाला आपली उपग्रह सेवा बंदही ठेवावी लागते. अशा मार्गावर ठरावीक वेळेची बैठक किंवा परीक्षा ठेवूच नये. जहाज कितीही नवं असलं तरी हे लागू आहे.

पॅकेज घेताना नाव न बघता त्यात काय अडवलंय ते वाचायचं. सर्वांत स्वस्त पॅकेजमध्ये बहुतेक वेळा ठरावीक संदेशाची आणि सोशल मीडियाची अ‍ॅप चालतात. व्हॉट्सअ‍ॅपचे संदेश जातात आणि त्यावरचे कॉल अडवलेले असतात, हे फार जणांच्या लक्षात येत नाही. मेल, बँक आणि साधं ब्राउझिंग मधल्या पॅकेजमध्ये येतं. व्हिडिओ आणि कॉल सर्वांत महागात. ‘एक डिव्हाइस’ याचा अर्थ सहसा एका वेळी एक असा असतो. म्हणजे तेच पॅकेज फोन आणि टॅबलेट आळीपाळीनं वापरू शकतात, फक्त एकावरून बाहेर पडून मग दुसऱ्यावर जायचं. दोघांच्या कुटुंबाला अनेकदा एवढ्यात भागतं. पॅकेज निघण्याआधी घेतलं तर बहुतेक कंपन्यांकडे स्वस्त पडतं. आणि कंपनीचं स्वतःचं अ‍ॅप, ज्यात वेळापत्रक, सूचना आणि जहाजापुरते संदेश असतात, ते सहसा पॅकेज न घेताही जहाजाच्या वाय-फायवर चालतं. ते घरीच उतरवून (डाउनलोड करून) घ्यावं आणि एकदा लॉगिन करून ठेवावं.

घरच्या तयारीत सगळ्यात जास्त वेळ ओटीपीला द्यावा. फोन एअरप्लेन मोडवर आहे, म्हणजे एसएमएस येणार नाही. बँक, मेल, ऑफिसचं खातं, सगळे नव्या जागेवरून लॉगिन दिसलं की कोड मागतात. काही मोबाइल कंपन्या वाय-फाय कॉलिंगवरून एसएमएस पोचवतात, पण परदेशातून ही सोय चालेलच असं नाही. खात्री करायची तर घरी फोन एअरप्लेन मोडवर टाकून फक्त वाय-फाय चालू ठेवायचं आणि बँकेचा ओटीपी मागवून बघायचा. घरीच आला नाही तर समुद्रात येणार नाही. घरी आला तरीही दुसरी सोय हवीच. जिथे शक्य आहे तिथे एसएमएसऐवजी ऑथेंटिकेटर अ‍ॅप लावावं, कारण ते नेट नसतानाही कोड तयार करतं. टॅबलेटवर पासकी, म्हणजे पासवर्डऐवजी बोटाच्या ठशानं, चेहऱ्यानं किंवा पिननं चालणारी लॉगिनची किल्ली, करून ठेवावी. गुगल खात्यासाठी आठ-आठ आकड्यांचे दहा बॅकअप कोड मिळतात, ते कागदावर लिहून पासपोर्टबरोबर ठेवावेत. निघण्याच्या आठवड्यात सगळ्या खात्यांत टॅबलेटवरून एकदा लॉगिन करून तो ओळखीचा करून घ्यावा. आणि मग पासवर्ड बदलायचा नाही.

व्हॉट्सअ‍ॅपचा एक बारकावा. टॅबलेट फोनला ‘लिंक’ करून वापरायचा असेल तर एका खात्याला चार जादा उपकरणं जोडता येतात, आणि मे २०२५पासून आयपॅडसाठीही स्वतंत्र अ‍ॅप आहे. एकदा जोडल्यावर फोन बंद असला तरी टॅबलेटवर संदेश येत राहतात. पण फोनवर १४ दिवस व्हॉट्सअ‍ॅप वापरलं गेलं नाही की जोडलेली उपकरणं बाहेर काढली जातात. लांबच्या सफरीत फोन तिजोरीत ठेवून फक्त टॅबलेट वापरणाऱ्यांना हे मध्येच भोवतं. पुन्हा जोडायला फोन आणि टॅबलेट दोघांनाही एकाच वेळी नेट लागतं, जे एका उपकरणाच्या पॅकेजवर मिळत नाही. त्यामुळे आठवड्यातून एकदा पॅकेज फोनवर घेऊन व्हॉट्सअ‍ॅप उघडावं.

ऑफलाइन सामान उतरवून घेताना ‘दिसतंय म्हणजे आहे’ असं धरू नये. वाचनाच्या अ‍ॅपमध्ये पुस्तकाचं मुखपृष्ठ दिसतं, पण पुस्तक उतरलेलं नसतं. ड्राइव्हमध्ये फाइलचं नाव दिसतं, आतला मजकूर मात्र क्लाउडवरच असतो, तो प्रत्येक फाइलवर ‘ऑफलाइन उपलब्ध’ करावा लागतो. चित्रपटांच्या अ‍ॅपमध्ये उतरवलेल्या भागांना मुदत असते आणि काहींची मुदत पहिल्यांदा ‘प्ले’ दाबल्यापासून ४८ तासांत संपते, म्हणून चालतंय का बघायला घरी प्ले दाबू नये. नकाशे प्रत्येक बंदराच्या शहराचे वेगवेगळे उतरवावेत. तिकिटं, विमा, व्हिसा, बंदरातल्या सहलींच्या पावत्या पीडीएफ करून टॅबलेटच्या आतल्या साठ्यात ठेवाव्यात. हे झालं की टॅबलेट रात्रभर वाय-फाय बंद करून ठेवायचा आणि सकाळी एकेक गोष्ट उघडून बघायची. या एका तालमीत जेवढ्या त्रुटी सापडतात तेवढ्या दुसऱ्या कशात सापडत नाहीत. टॅबलेटची प्रणाली आणि अ‍ॅप अपडेट करायची ती निघण्याच्या किमान आठवडाभर आधी, म्हणजे अपडेटनंतर काही बिघडलं तर निस्तरायला वेळ राहतो.

चार्जिंगबद्दल थोडक्यात. जुन्या केबिनमध्ये प्लगची भोकं एक-दोनच असतात, आणि पलंगाजवळच्या यूएसबी-ए पोर्टवरून टॅबलेट इतका हळू भरतो की वापरात असला तर टक्के वाढतच नाहीत. ३० वॉट किंवा त्याहून मोठा यूएसबी-सी चार्जर बरोबर असावा, दोन-तीन पोर्टांचा असेल तर उत्तम. सर्ज प्रोटेक्टर असलेली पट्टी मात्र नेऊ नये. जहाजाच्या वीजव्यवस्थेत घरासारखी जमिनीला जोडलेली न्यूट्रल तार नसते, त्यामुळे असा प्रोटेक्टर तापून पेट घेऊ शकतो. अमेरिकेच्या कोस्ट गार्डनं २०१३मध्ये याविषयी सुरक्षा-सूचना काढली होती. बहुतेक कंपन्या अशी पट्टी चढतानाच काढून घेतात. स्वतःचा राउटर किंवा स्वतःची उपग्रह-डिश आणण्यालाही अनेक कंपन्यांची बंदी आहे, तेव्हा निषिद्ध वस्तूंची यादी आधी वाचावी.

जहाजावर चढल्यावर पहिलं काम लॉगिन, आणि सगळ्यात जास्त लोक अडकतात ते इथेच. केबिनमधल्या माहितीपत्रकावरून किंवा स्वागतकक्षातून नेटवर्कचं नेमकं नाव घ्यायचं. बंदरात त्यासारख्या नावाची दुसरी नेटवर्कंही दिसतात, त्यातल्या कशालाही जोडायचं नाही. नाव निवडलं की लॉगिनचं पान आपोआप यायला हवं. त्यामागची युक्ती अशी: वाय-फाय जोडलं की टॅबलेट आपल्या कंपनीच्या एका ठरावीक पत्त्यावर छोटी, साधी मागणी पाठवतो, जहाजाची यंत्रणा ती मध्येच अडवते आणि उत्तरादाखल स्वतःचं पान पाठवते. टॅबलेटवर व्हीपीएन (सगळी वाहतूक गुंडाळून दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेणारी सोय) चालू असेल, किंवा अँड्रॉइडच्या ‘प्रायव्हेट डीएनएस’मध्ये एखादा ठरावीक पत्ता घातलेला असेल, किंवा आयपॅडवर ‘प्रायव्हेट रिले’ ही आयपी पत्ता लपवणारी सोय चालू असेल, तर यंत्रणेला ती मागणी नीट अडवता येत नाही. मग वाय-फायची खूण दिसते, खाली ‘इंटरनेट नाही’ असं येतं आणि पान काही उघडत नाही.

म्हणून जोडण्याआधीच व्हीपीएन आणि जाहिराती अडवणारं अ‍ॅप बंद करायचं, प्रायव्हेट डीएनएस ‘ऑटोमॅटिक’वर आणायचं, आणि आयपॅडवर त्या नेटवर्कच्या माहितीत जाऊन आयपी पत्ता लपवण्याचं सेटिंग बंद करायचं. तरी पान आलं नाही तर ब्राउझरमध्ये neverssl.com असा मुद्दाम बिनकुलपाचा पत्ता टाकायचा. नेहमीची संकेतस्थळं सुरक्षित जोडणी मागतात, तिथे जहाजाला आपलं पान घुसवता येत नाही आणि ब्राउझर प्रमाणपत्राचा इशारा देतो. त्या इशाऱ्यावर ‘तरीही पुढे जा’ दाबू नये. तोही उपाय फसला तर तारीख-वेळ बरोबर आहे का बघायचं, नेटवर्क ‘विसरा’ करून पुन्हा जोडायचं, टॅबलेट बंद करून चालू करायचा. स्वागतकक्षाच्या रांगेत उभं राहायचं ते यानंतर.

आयपॅडवर लॉगिनसाठी छोटी खिडकी उघडते. पासवर्ड बघायला दुसऱ्या अ‍ॅपमध्ये गेलं की ती बंद होते आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं. बुकिंग क्रमांक, केबिन क्रमांक आणि पासवर्ड कागदावर समोर घेऊन बसावं. लॉगिन झाल्यावर कोणत्या पत्त्यावर जाऊन बाहेर पडायचं ते त्याच वेळी टिपून घ्यावं. एका उपकरणाचं पॅकेज फोनवर न्यायचं तेव्हा तोच पत्ता लागतो.

वाय-फायचा खाजगी पत्ता हाही एक सापळा आहे. आयपॅड आणि अँड्रॉइड दोन्ही आपला खरा हार्डवेअर पत्ता लपवून बनावट पत्ता दाखवतात. तो मध्येच बदलला तर जहाजाच्या यंत्रणेला तो नवाच टॅबलेट वाटतो आणि ‘उपकरणांची मर्यादा संपली’ असा संदेश येतो. आयपॅडवर या सेटिंगला ‘फिक्स्ड’ ठेवावं, ‘रोटेटिंग’ नको. लॉगिन झाल्यावर सफर संपेपर्यंत त्याला हात लावू नये.

लॉगिन झाल्याबरोबर, काही उघडण्याआधी, मागच्या मागे चालणारी कामं थांबवायची. टॅबलेटच्या दृष्टीनं वाय-फाय म्हणजे फुकट आणि अमर्याद नेट, जहाज आहे की घर हे त्याला कळत नाही. आयपॅडवर त्या नेटवर्कसाठी ‘लो डेटा मोड’ चालू करायचा, त्यानं आपोआप होणारे अपडेट, बॅकअप आणि फोटोंची जुळवाजुळव थांबते. अँड्रॉइडवर नेटवर्कच्या माहितीत जाऊन ते ‘मीटर्ड’ (मोजून मिळणारं) म्हणून नोंदवायचं आणि प्ले स्टोअरमधले आपोआप अपडेट वेगळे बंद करायचे. फोटो बॅकअपही त्या त्या अ‍ॅपमध्ये जाऊन बंद केलेला बरा. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये वाय-फायवर सगळी चित्रं, ध्वनिफिती, व्हिडिओ आपोआप उतरण्याचं सेटिंग असतं, ते टॅबलेटवर आणि फोनवर दोन्हीकडे काढायचं. मेलमध्ये बाहेरची चित्रं आणि जोडलेल्या फायली आपोआप उतरणं बंद. ब्राउझरमधले जुने टॅब मिटवायचे, नाहीतर ब्राउझर उघडला की त्यातली पानं पुन्हा लोड होऊ लागतात. एका फोटोला साधारण २ ते ५ एमबी लागतात आणि दिवसभरात शंभर फोटो निघतात. तेवढे चढवायला लागले की मेलच्या एका ओळीलाही जागा उरत नाही, कारण वर पाठवायची वाट खाली येणाऱ्या वाटेपेक्षा सहसा अरुंद असते.

केबिनमध्ये रेंज कमी असण्याचं कारण पोलाद. भिंती, दारं, डेक सगळं धातूचं. नव्या जहाजांवर केबिनमध्ये किंवा दर थोड्या अंतरावर वाय-फायचा संच (सिग्नल देणारं यंत्र) असतो, पण जुन्यांवर तो बाहेरच्या वाटेवर असतो आणि पलंगावर बसून नेट लागत नाही. दाराजवळच्या टेबलावर टॅबलेट ठेवला की पुष्कळदा तेवढ्यानंच काम होतं. बाल्कनीत काचेचं दार लावून बसलं तर रेंज पुन्हा पडते. वाय-फायचे सगळे दांडे दिसतात आणि तरी चकरी फिरत राहते, याचा अर्थ टॅबलेट ते संच ही जोडणी ठीक आहे, अडचण उपग्रहाच्या बाजूला आहे. अशा वेळी सेटिंग बदलत बसू नये, पंधरा मिनिटांनी पुन्हा बघावं.

वेळ निवडणं हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे. सगळं जहाज बंदरावर उतरलेलं असतं तेव्हा आत राहिलेल्यांना वेग चांगला मिळतो. पहाटे आणि मध्यरात्रीनंतरही. पूर्ण दिवस समुद्रात असलेल्या संध्याकाळी, जेवणाच्या आधीचा तास सगळ्यात वाईट. मोठी फाइल पाठवायची असेल तर रात्री लावून टॅबलेट चार्जरवर, पडदा जागा राहील असा ठेवावा, कारण पडदा झोपला की बरीच अ‍ॅप पाठवणं अर्धवट सोडतात.

घरच्यांशी बोलायला भूस्थिर उपग्रहावर व्हॉइस नोट सगळ्यात भरवशाची. उशिरानं पोचली तरी तुटत नाही. थेट कॉल करायचाच तर आपला कॅमेरा आधी बंद करायचा आणि आपलं वाक्य संपल्यावर दोन सेकंद थांबायचं. समोरच्याला आपला आवाज उशिरा पोचतो, न थांबता बोललं की दोघंही एकमेकांवर बोलत राहतात. पलीकडच्यालाही हे आधी सांगून ठेवावं, विशेषतः घरात वयस्कर मंडळी असतील तर, नाहीतर ती ‘ऐकू येत नाही’ म्हणून फोन ठेवून देतात.

ऑफिसच्या व्हीपीएनविषयी. काही जहाजं व्हीपीएन अडवतात, काहींवर तो फक्त महाग पॅकेजमध्ये चालतो. चालला तरी भूस्थिर जोडणीवर तो नेट आणखी मंद करतो आणि त्याला नेमकं कारण आहे. उशीर झाकण्यासाठी जहाजावर एक यंत्रणा असते, ती टॅबलेटला ‘मिळालं’ अशी पोच स्वतःच लगेच देते आणि पुढची माहिती आधीच मागवून ठेवते. व्हीपीएनमध्ये सगळी वाहतूक गुंडाळलेली असल्यामुळे तिला आत काय आहे हे दिसत नाही आणि ही मदत मिळत नाही. म्हणून व्हीपीएन फक्त ऑफिसच्या कामापुरता चालू करावा. व्हीपीएन अ‍ॅपमध्ये जोडणीचा प्रकार निवडता येत असेल तर यूडीपीवर न जुळल्यास टीसीपी ४४३ करून बघावं (यूडीपी आणि टीसीपी या माहिती पाठवण्याच्या दोन पद्धती, ४४३ हा दाराचा म्हणजे पोर्टचा क्रमांक), कारण नेहमीचं सुरक्षित ब्राउझिंग त्याच दारानं जातं आणि ते क्वचितच बंद असतं.

जहाजाचं नेट ज्या देशातल्या भूस्थानकावरून बाहेर पडतं, तिथलेच आपण आहोत असं संकेतस्थळांना वाटतं. शोधयंत्र वेगळ्या भाषेत उघडतं, चित्रपटांची यादी बदलते, बँकेला परदेशी लॉगिन दिसतं आणि ती खातं गोठवू शकते. निघण्याआधी बँकेला प्रवासाची सूचना दिलेली बरी. नकाशाचाही असाच घोळ होतो. फक्त वाय-फाय असलेल्या आयपॅडमध्ये जीपीएस नसतं, तो जवळच्या वाय-फाय संचांवरून जागा ओळखतो, आणि जहाजावरचे संच जहाजाबरोबर हलतात. त्यामुळे निळा ठिपका मागच्या कुठल्या तरी बंदरात दिसू शकतो. वेळही त्याच चुकीच्या जागेवरून ठरते आणि गजर एक-दोन तास इकडे-तिकडे वाजतो. आपोआप वेळ-क्षेत्र बंद करून जहाजाच्या वेळेशी जुळणारं शहर हातानं निवडावं. जहाजानं घड्याळ तासभर पुढे घेतलं तर शहर बदलायचं, काटे हलवायचे नाहीत. मूळ वेळ चुकली की ऑथेंटिकेटरचे तीस सेकंदांचे कोड नाकारले जातात आणि सुरक्षित संकेतस्थळं उघडत नाहीत.

बंदरात उतरल्यावर मोठी कामं उरकायची: अपडेट, फोटोंचा बॅकअप, उतरवलेल्या चित्रपटांची मुदत वाढवणं. सेल्युलर टॅबलेटसाठी त्या भागाचं ई-सिम घेतलं असेल तर ते घरीच बसवून ठेवलेलं असावं, कारण ते बसवायलाही नेट लागतं. काही नव्या आयपॅडमध्ये, उदाहरणार्थ २०२४च्या एम-फोर आयपॅड प्रोमध्ये, सिमचा खण नाहीच, फक्त ई-सिम चालतं. जमिनीवर पाय ठेवला की एअरप्लेन मोड काढायचा आणि नेटवर्कची निवड हातानं करून किनाऱ्यावरच्या कंपनीचं नाव निवडायचं. परत शिडी चढताना तिथेच एअरप्लेन मोड लावायचा, ‘अजून रेंज आहे’ म्हणून लांबवायचं नाही. किनाऱ्याची रेंज संपते आणि जहाजाचं नेटवर्क सुरू होतं तो क्षण टॅबलेट आपल्याला विचारत नाही. किनाऱ्यालगत जाताना शेजारच्या देशाचा टॉवर पकडला जाण्याची शक्यताही असते आणि तो देश आपल्या ई-सिमच्या यादीत नसू शकतो.

शेवटच्या दिवशी पॅकेज उतरण्याच्या सकाळीच संपतं, कधी न्याहारीच्याही आधी. विमानाचं चेक-इन, टॅक्सीचं आरक्षण, हॉटेलचा पत्ता हे आदल्या रात्री काढून ठेवावं. त्याच रात्री केबिनच्या खात्यावर नेटचे दुहेरी पैसे लागले नाहीत ना हे बघावं, कारण एका उपकरणाचं पॅकेज दुसऱ्यावर नेताना चुकून नवं पॅकेज घेतलं जाणं अगदी सहज घडतं आणि जहाजावर असतानाच त्याची दुरुस्ती सोपी जाते. मग लॉगआउट करून ते नेटवर्क ‘विसरा’ करायचं. घरी आल्यावर बंद केलेल्या गोष्टी पुन्हा चालू करायच्या: फोटो बॅकअप, आपोआप अपडेट, प्रायव्हेट डीएनएस, प्रायव्हेट रिले, आपोआप वेळ-क्षेत्र. त्यात फोटो बॅकअप सगळ्यात आधी, कारण बंदरात बॅकअप न झालेले सफरीचे फोटो तोवर फक्त त्या एका टॅबलेटमध्येच असतात.